शेवटच्या कडव्यातलं नाव

महाड
७ जुलै २००३

चि. किशोर यास अनेक आशीर्वाद.

मी खाली सही करणार सुधीर, वय वर्षे एकावन्न, धंदा कोर्टासमोर टायपिंग व कंपोझिंग, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या मालकीच्या संगणकाने गेल्या शुक्रवारपासून मला ओळख देण्यास साफ नकार दिला आहे. दुकान माझं, वीजबिल माझं, टेबलाच्या लुळ्या पायाखालची पुठ्ठ्याची घडीसुद्धा माझी. आणि हा पडदा काळा करून पांढऱ्या अक्षरांत मलाच विचारतो, की मालक असशील तर परवलीचा शब्द सांग, नाहीतर कंट्रोल-डी दाब. मी दाबलं. तो निजला, उठला आणि पुन्हा तेच विचारू लागला. तुझी नीलावहिनीही मला जाब विचारते, पण उत्तर पटलं नाही तरी पुढच्या कामाला तरी लागते.

आता तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी पुन्हा लिहितो. कोर्टासमोर बसून बसून मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय काही सांगताच येत नाही.

मे महिन्यात तू आलास. यंत्रात व्हायरस शिरलाय म्हणालास, विंडोज काढून टाकलंस आणि लिनक्स घातलंस. फुकट आहे, कधी बंद पडत नाही, असं नीलासमोर छातीठोकपणे सांगितलंस. वर मुंबईहून आणलेली तुझी दुसरी हार्ड डिस्क आत बसवून रामजीबुवांच्या सगळ्या कॅसेटी तिच्यात उतरवून दिल्यास. सख्खा भाऊ करणार नाही ते माझ्या चुलतभावाने केलं, असं मी बाजारात चार लोकांना सांगून बसलो आहे. ते शब्द मागे घ्यायचे की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

त्या कॅसेटींना आता बुरशी धरली आहे. वाजवायला घेतल्या की टेप खोकतो आणि फीत गिळतो. म्हणजे बुवांचा आवाज आता उरला असेल तर त्या डिस्कवर. जाण्याआधीच्या वर्षी, नाचात उभं राहणं सुटल्यावर, ते माझ्या दुकानात खुर्चीवर बसून गायले ती सवालांची गाणी. शब्द माझे, चाली त्यांच्या. आपण तुरेवाल्यांनी ती पोलादपूरच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीवाल्या भागोजीच्या तोंडावर टाकायची आणि तोवर वाडीबाहेर कुणाच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत, असं ठरवून जपलेली. सवाल आधीच कळला तर समोरचा जबाब घोकून येतो, मग सामना कसला? आणि प्रत्येक गाण्याच्या छापेत, शेवटच्या कडव्यात, बुवांनी माझं नाव घेतलं आहे. गुरूने शिष्याचं नाव स्वतःच्या तोंडाने गाण्यात गुंफणं आपल्याकडे कितीदा घडतं, हे तुला सांगायला नको. तू तेव्हा सुट्टीवर आला होतास, शेजारी बसून झांज वाजवत होतास.

बिघाडाचं कारण मला माहीत नाही. घडलं ते असं. शुक्रवारी नदी वाढल्याचा भोंगा झाला. भोंगा झाला की आपला सगळा बाजार खालचं वर करतो, तसं आम्हीही केलं. मृदंगवाला सोमा मदतीला आला होता. त्याने संगणक गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकला आणि शिडीवरून माळ्यावर नेला. पाणी कोर्टाच्या पायरीपर्यंत आलं आणि पुढची तारीख घेऊन परत गेलं. संध्याकाळी यंत्र खाली आणलं, तेव्हापासून ही तऱ्हा.

फोनच्या तारेवर झाड पडलं आहे, म्हणून हे पत्र. श्रावणात वाडीत तालीम बसते. तोवर मला माझी गाणी हवीत.

तुझा,
मालकी सिद्ध न झालेला,
सुधीरदादा


घाटकोपर
११ जुलै २००३

ती. सुधीरदादास सा. न.

पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसत बसलो, साहेबाने केबिनमधून बघितलं. टेन्शन घेऊ नकोस. खरं म्हणजे मी गणपतीला येतोच आहे, तोवर हात लावला नाहीस तरी चाललं असतं. पण तालमीचं लिहिलंयस, म्हणून सांगतो.

असं बघ. डिस्क पेटीत आहे म्हणून ती दिसेलच असं नाही. गणपती घरात आणला म्हणजे बसला असं होत नाही ना? पाटावर बसवावा लागतो. आपण geet नावाचा फोल्डर केलाय तो नुसता पाट. मशीन सुरू होताना दुसरी डिस्क आणून त्या पाटावर बसवतं, याला माउंट करणं म्हणतात. कुठल्या पाटावर कोण बसणार हे fstab नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं. आता मशीनला ती डिस्क सापडत नाही, म्हणून ते दारातच अडून बसलंय. देव नाही तर आरती नाही.

परवलीचा शब्द मी bhagoji ठेवलाय. आपल्या पार्टीतला माणूस मरेल पण हे नाव लिहिणार नाही, म्हणून सेफ. तो दे, मग पुढची ओळ जशीच्या तशी मार, मधली मोकळी जागासुद्धा:

mount -o remount,rw /

याने मशीन फाइलीत बदल करू देईल. मग nano /etc/fstab असं लिहून फाइल उघड, ज्या ओळीत hdb1 आहे तिच्या सुरुवातीला # ही खूण कर, सेव्ह कर आणि मशीन पुन्हा चालू कर. या खुणेमुळे मशीन ती ओळ वाचणार नाही, डिस्कची वाट बघणार नाही आणि उठेल. गाणी मात्र एवढ्याने येणार नाहीत. मशीन उठलं की कळव, पुढचं सांगतो.

फी: वहिनीच्या हातचं करवंदाचं लोणचं, एक बरणी. रूपाली म्हणते, मुंबईतलं लोणचं म्हणजे नुसतं व्हिनेगर. तिने वहिनीला नमस्कार सांगितलाय.

तुझा,
किशोर


महाड
१६ जुलै २००३

चि. किशोर यास अनेक आशीर्वाद.

यंत्र उठलं. तुझी ओळ मी एका बोटाने, प्रत्येक अक्षराला ठरावाचं अनुमोदन घ्यावं तशी मारली. परवलीचा शब्द मात्र दोनदा वाचून मगच मारला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं नाव शिवी न जोडता लिहिलं. अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत हे त्यातल्या त्यात बरं. सोमा मागे उभा होता.

मग hdb1 च्या ओळीपुढे फुली मारली आणि यंत्र चांगल्या घरच्या सुनेसारखं मुकाट्याने कामाला लागलं. कालपासून तीन प्रतिज्ञापत्रं आणि एक लग्नपत्रिका झाली.

आता विचारायचं ते. तुझा geet नावाचा पाट मी उघडून पाहिला. माझं एकही गाणं त्यात नाही, हे तू म्हणालाच होतास. पण पाट रिकामाही नाही. काही फाइली आहेत, तारखा मे महिन्याच्या. मी उघडलेल्या नाहीत. तुला विचारल्याशिवाय तुझ्या यंत्रविद्येत बोट घालायचं नाही असं ठरवलं आहे. त्या कसल्या आहेत? ठेवायच्या की कसं?

परवा बाजाराला आलेल्या बुवांच्या पत्नी बयाबाई दुकानात डोकावल्या. बुवांचा आवाज बरा हाय ना, असं विचारत होत्या. आजारी माणसाची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, किशोर बघतोय.

लोणच्याचं नीलाला सांगितलं. बरणी धुवून उन्हात ठेवायची म्हणते, पण ऊन पडलं तर.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
सुधीरदादा


घाटकोपर
१९ जुलै २००३
(कुरियरने)

ती. दादास सा. न.

घाईत लिहितोय. त्या फाइली टेस्टिंगच्या आहेत, माइक चेक वगैरे. कचरा. उघडू नकोस, नाहीतर सिस्टीम करप्ट होईल आणि गाणी कायमची जातील. खालची ओळ मार, एका सेकंदात साफ होतील:

rm -rf /geet/*

मग मशीन बंद करून, प्लग काढून पेटी उघड. आत रुंद करडी पट्टी दिसेल, चपलेच्या पट्ट्याएवढी, ती दोन्ही डिस्कना जोडलेली असते. सोमाने उचलून नेताना दुसऱ्या डिस्कचं टोक सुटलं असणार. दोन्ही बाजूंनी दाबून बसव. मग fstab मधली फुली काढ. गाणी येतील.

पण आधी डिलीट, मग पट्टी. हा क्रम चुकवू नकोस. झालं की लगेच कळव.

किशोर


महाड
२४ जुलै २००३

किशोर,

आशीर्वादांची जागा मोकळी सोडली आहे.

आधी यंत्राबद्दल. पेटी उघडली. करडी पट्टी तू म्हणालास तशीच एका टोकाला सुटून लोंबत होती. दाबून बसवली, फुली खोडली, यंत्र चालू केलं आणि बुवा परत आले. पहिलं गाणं सुरू करण्याआधी ते घसा खाकरतात, 'हां, सुधीर, लाव' म्हणतात, तेसुद्धा आहे. सोमा टोपी काढून उभा राहिला. दुरुस्ती तंतोतंत होती. तुझ्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती.

क्रम मात्र मी पाळला नाही.

त्या फाइली मी मागचं पत्र लिहायच्या आधीच ऐकल्या होत्या. उघडल्या नाहीत, असं खोटं लिहिलं. सिस्टीम करप्ट वगैरे काही झाली नाही. यंत्राने सगळं स्वच्छ ऐकवलं. गाणं बुवांच्या आवाजात सुरू होतं, बुवांच्याच आवाजात चढतं, आणि शेवटचं कडवं आलं की त्यांचा आवाज सुरी फिरवल्यासारखा तुटतो आणि तिथून तू गातोस. जिथे ते 'सुधीर' म्हणाले होते तिथे तू 'किशोर' म्हणतोस. सगळ्या गाण्यांत. आपल्या बापांनी आपली नावं एकाच मापाची ठेवली. तुला एक मात्रासुद्धा इकडची तिकडे करावी लागली नाही. सोबत कॅसेटच्या कव्हरचं चित्रही आहे. फेटा बांधलेला तू मोठा, कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे बुवा, आणि वर 'शाहीर किशोर आणि पार्टी'. पार्टी कोण, ते लिहिलेलं नाही.

हे केव्हा केलंस तेही आता आठवतं. मे महिन्यात त्या दुपारी तू दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंस. रस्त्याचा आवाज येतो दादा, माइक तपासायचाय, म्हणालास. मी बाहेर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, आत महत्त्वाचं काम चाललंय, जरा थांबा. तुझ्यासाठी चहा सांगितला. पोऱ्याला आत सोडलं तर तुझं काम बिघडेल म्हणून कप मी स्वतः शटरखालून सरकवला. आतून तू थँक्यू म्हणालास. माझ्या नावावर कात्री चालली होती आणि राखणीला मीच बसलो होतो, वर चहा देऊन.

फाइली मागे कशा राहिल्या, ते तुझ्याच गणपतीने मला समजावलं. आधी तू तुझं काम त्या पाटावर ठेवलंस. नंतर त्याच पाटावर दुसरी डिस्क आणून बसवलीस. वरून बुवा दिसू लागले, खालचं दिसेनासं झालं, आणि दिसत नाही म्हणजे पुसलं गेलं असं तू धरून चाललास. संगणकाच्या माणसाने करावी अशी ही चूक नव्हे. मग देव बाजूला सारायची युक्तीही तूच मला पोस्टाने पाठवलीस. आता गंमत ऐक: पट्टी बसवून गाणी परत आली, तशा तुझ्या फाइली पुन्हा त्यांच्याखाली दडल्या. यंत्राने आपणहून घराण्याची अब्रू झाकली. मीच फुली मारून ती पुन्हा उघडी केली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खाज असते माणसाला.

गाणी नेलीस. ते एका बाजूला ठेवतो. पण मी तुला सरळ विचारलं होतं, या फाइली कसल्या आहेत. त्या प्रश्नात तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. 'दादा, त्या ऐकू नकोस, आधी माझं ऐक,' एवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी ऐकलं असतं. तू कुरियरने उत्तर पाठवलंस की आधी पुसून टाक. तेही माझ्याच हाताने. साधं पोस्ट पुरलं नाही तुला.

कॅसेट निघाली आहे की निघायची आहे, तेवढं कळव. तालमीला कुठली गाणी घ्यायची ते त्यावर आहे.

सुधीर


घाटकोपर
५ ऑगस्ट २००३

ती. दादा,

तीनदा लिहून फाडलं. फोन चालू झालाय हे मला माहीत आहे, पण तुझा आवाज ऐकायची हिंमत होत नाही.

कॅसेट छापून झालीय. गोकुळाष्टमीला बाजारात येईल. मी कंपनीवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणतो, पेट्या दुकानांत निघाल्या, आता ब्रह्मदेव आला तरी नाही.

तुला पटणार नाही, तरी लिहितो. सुरुवात अशी नव्हती. बयाकाकीने मला शिमग्याला सांगितलं होतं, पोरा, बुवांचा आवाज पेटीत कोंडू नको, वाडीला ऐकू येऊ दे. मी तुलाही विचारलं होतं, आठवतंय? चहाच्या टपरीवर. तू म्हणालास, कॅसेट काढायला आपण काय बँडवाले आहोत? मग पुढे बोललोच नाही. कंपनीवाला म्हणाला, मयताची सही चालत नाही, शाहीर जिवंत पाहिजे, मुंबईत पाहिजे, प्रोग्रॅमला उभा राहिला पाहिजे. तुझं नाव दिलं असतं तर तुझी सही लागली असती आणि तू ती दिली नसतीस. म्हणून माझं दिलं. एकदा दिलं की शेवटच्या कडव्यात दुसऱ्याचं नाव कसं चालेल? एकातून एक होत गेलं.

हे सगळं खरं आहे. पण हेच सगळं नाही, हे मला लिहिताना कळतंय.

तुझ्या मागे उभा राहून मी झांज वाजवली, शाळेत होतो तेव्हापासून. लोक तुला शाहीर म्हणतात, बुवांना बुवा म्हणतात, सोमाच्या मृदंगालासुद्धा नाव आहे. इथे वाडीच्या मुंबई मंडळात मला काय म्हणतात माहीत आहे? कॉम्प्युटर. 'अरे कॉम्प्युटर, वर्गणीच्या पावत्या झाल्या काय रे.' त्या दुपारी शटर ओढून मी शेवटचं कडवं म्हटलं, नंतर हेडफोन लावून ऐकलं. बुवांच्या पाठोपाठ माझं नाव. एकदाच ऐकून पुसणार होतो. देवाशप्पथ, एकदाच.

तू चहा सरकवलास तेव्हा मी तेच ऐकत होतो.

तालमीला तीच गाणी घे. लोकांना माहीत आहे शब्द कुणाचे. मी गणपतीला येऊ का, ते तू सांग.

किशोर


महाड
१५ सप्टेंबर २००३

चि. किशोर यास,

तू गणपतीला येऊ का म्हणून विचारलंस, त्याला मी उत्तर दिलं नाही आणि तू आला नाहीस. दोघांनीही बरोबर केलं.

मुंबईवाल्यांनी तुझी कॅसेट वाडीत आणली. चतुर्थीपासून कर्ण्यावर तीच. खाली हायवेवरच्या जीपगाड्यांतही तीच. पोलादपूरच्या स्टँडवर मी भजी खात उभा असताना तुझ्या तोंडून माझं कडवं ऐकलं आणि भजीवाला मला म्हणाला, चांगला गातो हो पोरगा. मी म्हटलं, घरचाच आहे.

आरतीनंतर बयाबाईंनी मला पडवीत बोलावलं. हातात तांदळाचं सूप होतं, ते बाजूला ठेवलं. कर्ण्यावर तेच गाणं चाललं होतं. गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बुवा यवढ्यातच दमलं काय रं? शेवट दुसऱ्यानी का म्हनला?"

तू काय लिहिलं आहेस ते मला आठवत होतं. त्यांनी तुला सांगितलं होतं, हेही खरं निघालं. मी विचारून घेतलं. त्यांना आवाज हवा होता, तो तू दिलास. मी म्हटलं, हो काकी, शेवटी शेवटी दम लागत होता त्यांना, म्हणून किशोरने धरलं.

"पोरानी संभाळलं म्हन की," म्हणाल्या आणि सूप उचललं.

सामना झाला. तुझी सूचना होती की तालमीला तीच गाणी घ्यावी. घेतली नाहीत. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी नवी लिहायला बसलो, यंत्र बंद ठेवून, कोर्टाच्या रद्द झालेल्या कागदांच्या पाठीवर. चाली बांधायला बुवा नव्हते, त्या माझ्याच आहेत आणि तशाच वाटतात. पोरांना शिकवताना माझ्या सुराने दोन कुत्री वाडी सोडून गेली, असं सोमा सांगतो. पण उभा राहिलो.

आता भागोजीचं ऐक. कॅसेट त्याच्याकडेही पोहोचली होती. तो तिच्यातल्या प्रत्येक सवालाचा जबाब रचून, अख्ख्या पार्टीकडून घोकून घेऊन आला होता. पहिला सवाल आम्ही टाकला आणि त्याच्या मागे सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. दुसऱ्याला तो स्वतः मागे वळून काहीतरी विचारू लागला. तिसऱ्यानंतर त्याने घोकलेलं सोडून दिलं आणि जागेवर रचायला घेतलं, आणि लबाड माणूस, रचलंही चांगलं. कोण जिंकलं ते पोलादपूरकर पुढच्या गौरीपर्यंत भांडून ठरवतील.

सामन्यानंतर मी मंडपामागे पाय धुवत होतो, तिथे तो आला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी फक्त गाण्यातून बोललो आहोत, आणि ते काय बोललो आहोत ते तुला माहीत आहे. तंबाखूची डबी पुढे केली.

"मास्तर, कॅसेटीतली काय नाय म्हनली? आमी जबाब घोकून घोकून येडे झालो."

मी म्हटलं, ती आमची नाहीत. कव्हरवर नाव आहे, वाच.

"नाव वाचलं. मंग ऐकलं बी." तो तंबाखू मळत राहिला. "आवंदा नाय, गेली कैक वर्षं तुमच्या शिव्या खातोय मी. शिवी कोनाची हाय ते मला वळखू येत नाय काय? ते शब्द तुमचे हायत."

किशोर, मला वाटलं होतं की हे वाक्य कुणी म्हटलं तर मला बरं वाटेल. वाटलंही. पण ते त्याने म्हणायचं नव्हतं. आपल्या घरातल्या कुणीतरी म्हणायचं होतं, आणि जो माणूस शेजारी झांज घेऊन बसला होता, ज्याने बुवांच्या तोंडून माझं नाव प्रत्यक्ष ऐकलं होतं, त्याने तर पहिल्यांदा. मुंबईत तुला कॉम्प्युटर म्हणतात हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. नवं गाणं रचून घेऊन आला असतास आणि दादा, छापेत माझं नाव घालून पार्टीसमोर म्हण म्हणाला असतास, तर मी चुका काढल्या असत्या, टोमणे मारले असते आणि म्हटलं असतं. तू तेवढी वाट नाही पाहिलीस. चोरायला सोपं वाटलं मागण्यापेक्षा, हे माझ्या स्वभावाबद्दलही काही सांगतं, ते मी ऐकून घेतलं आहे. त्याने तुझा दोष काही कमी होत नाही.

या वर्षीच्या गाण्यांच्या छापेत मी फक्त गुरूचं नाव घेतलं. माझं घातलं नाही. काढून घेण्यासारखं काही ठेवायचं नाही, असं ठरवलं.

सोमाचा भाचा उद्याच्या एस्टीने मुंबईला येतो आहे, त्याच्याबरोबर तुझी हार्ड डिस्क परत पाठवली आहे. बुवांची गाणी मी सीड्यांवर उतरवून घेतली. डिस्कवर ती तशीच ठेवली आहेत, शेवटच्या कडव्यांसकट. ऐकायची की नाही ते तू बघ. डिस्क काढण्याआधी fstab मधली ती ओळ पुरती खोडली, म्हणजे यंत्राने आता तिची वाट बघत दारात बसू नये. आणि पाटाखाली तुझं जे होतं, ते तू कुरियरने पाठवलेल्या ओळीने पुसलं. ओळ चांगली आहे. खरंच एका सेकंदात होतं.

नीलाने आशीर्वाद सांगितले आहेत, तुला आणि रूपालीला. ते तिचे आहेत.

त्याच पिशवीत करवंदाचं लोणचं आहे. तू यंत्र दुरुस्त करून दिलंस, त्याची फी ठरली होती. झाकण घट्ट लावून वर फडकं बांधलं आहे, तरी पिशवी आडवी करू नको म्हणावं त्याला.

बरणी परत पाठवू नकोस.

सुधीर